प्रवासी, यात्री आणि वाशीमची वाट

राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुषाच्या भ्रमंतीची कथा येते. सरस्वतीचा हा पुत्र रुसून घराबाहेर पडतो आणि त्याला परत आणण्यासाठी गौरीने निर्माण केलेली साहित्यविद्या त्याच्या मागोमाग निघते. पूर्वदेश, पांचाल, अवंती, दक्षिणापथ असा त्यांचा मार्ग. ज्या प्रदेशात ती दोघे जातात तेथे साहित्यविद्येचा वेश आणि तिचे नृत्य तेथील लोक आपलेसे करतात आणि प्रत्येक मुक्कामागणिक काव्यपुरुषाची वाणी थोडी थोडी बदलत जाते. विदर्भात पोहोचेपर्यंत ती वैदर्भी झालेली असते. येथेच वत्सगुल्म नगरीत दोघांचा विवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

ही कथा सांगून सुमारे हजार वर्षे झाली. आज नागपूरहून मुंबईकडे निघालेली मोटार समृद्धी महामार्गावरून वाशीम जिल्हा जेमतेम तासाभरात ओलांडते. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव ही नावे हिरव्या फलकांवर दिसतात आणि मागे पडतात. मोटारीतल्या माणसाची वाणी तर बदलत नाहीच, खिडकीची काचही खाली होत नाही. दोघांनाही प्रवासीच म्हणायचे. पण या दोन प्रवासांत काय अंतर पडले, आणि त्यात कोणी काय गमावले, याचा विचार करण्यासाठी वाशीमइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण भारतीय समाजाने घडवलेले प्रवाशांचे जवळजवळ सर्व प्रकार या एका लहानशा जिल्ह्याने पाहिले आहेत.

वाटेला तीर्थ करणारे

पहिला प्रकार यात्रेकरूचा. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते तेव्हा पातूर ओलांडून ती मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी वाशीम जिल्ह्यातून पुढे मराठवाड्यात उतरते. शुभ्र वेशातील वारकरी, खांद्यावर पताका, रांगेची शिस्त आणि एका ठरलेल्या लयीत पडणारी पावले. जवळजवळ महिनाभराची ही वाटचाल. वारकऱ्याचे गंतव्य पंढरपूर असते हे खरे. परंतु पंढरपूर येईपर्यंतची वाट ही त्याला पार करायची अडचण वाटत नाही. वाटेवरचा प्रत्येक मुक्काम त्याच्या उपासनेचाच भाग असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही वारी केवळ चालणाऱ्यांची नसते. ज्या गावात पालखी येणार त्या गावात आदल्या दिवसापासून सडे पडतात, चुली पेटतात, शाळेचे पटांगण झाडून निघते. एरवी एकमेकांशी अबोला धरलेली भावकीही त्या दिवशी एकाच पंगतीत वाढायला उभी राहते. चालणारा पुण्य जोडतो आणि त्याला भाकरी देणाराही ते जोडतो. घर न सोडता ज्याला प्रवासाचे फळ मिळते, असा यजमान केवळ यात्रेच्या परंपरेनेच निर्माण केला.

वाट हेच घर मानणारे

दुसरा प्रकार बंजाऱ्यांचा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातील तांडे येथे एकत्र येतात. रेल्वे आणि पक्क्या सडका नसताना या देशाचे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरील गोणींतून एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेले ते या समाजाने. सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-दहा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा तांडा वाटेवर आला की इतरांना तो निघून जाईपर्यंत थांबून राहावे लागे.

बंजाऱ्याला वाट जितकी कळत होती तितकी ती दुसऱ्या कोणाला कळली नसेल. पाणी कोठे, चारा कोठे, कोणत्या घाटात बैल थकतात, कोणत्या राजवटीत जकात किती, हे सारे ज्ञान नायकाच्या डोक्यात असे. आणि केवळ व्यवहारच नव्हे. १६७५ साली दिल्लीत औरंगजेबाच्या आज्ञेने गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा पहारा चुकवून त्यांचा देह उचलून नेणारा आणि स्वतःच्या घरालाच आग लावून त्यावर अंत्यसंस्कार करणारा लखी शाह हा बंजाराच होता. देशभर फिरणाऱ्याला देश आपला वाटतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण कोणते?

इंग्रजांना मात्र फिरणारा माणूस नकोसा होता. एकीकडे रेल्वे आणि मिठाच्या मक्तेदारीने त्याचा धंदा गेला. दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने अनेक भटक्या समाजांवर, त्यात बंजाऱ्यांच्याही अनेक गटांवर, जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. ज्याच्या पायांवर देशाचा व्यापार उभा होता त्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागली. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. समाजमनावरून तो पूर्ण पुसला गेला आहे का, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे तपासावे.

देण्यासाठी फिरणारे

तिसरा प्रकार परिव्राजकाचा. 'गुरुचरित्रा'चे नायक श्री नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान कारंजा. मुंजीनंतर बालवयातच त्यांनी घर सोडले, काशीला संन्यास घेतला आणि अनेक वर्षे तीर्थाटन केले. त्यानंतर ते एकदा कारंज्याला आई-वडिलांच्या भेटीस आले आणि पुन्हा निघाले. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर या क्षेत्रांना आज जे स्थान आहे ते त्यांच्या वास्तव्यामुळे. विदर्भात जन्मलेला संन्यासी काशीला दीक्षा घेतो, कृष्णाकाठी तप करतो, भीमा-अमरजेच्या संगमावर स्थिरावतो आणि श्रीशैलाकडे प्रयाण करतो. आजच्या नकाशावर या वाटेने चार-पाच राज्यांच्या सीमा ओलांडल्या जातात. भाविकाच्या मनात त्यातील एकही सीमा नसते.

आद्य शंकराचार्यांपासून स्वामी विवेकानंदांपर्यंत ही परंपरा अखंड आहे. विवेकानंदांनी १८९२ च्या अखेरीस कन्याकुमारी गाठली ती आधी देश पायाखाली घालून. आधुनिक काळात हीच वृत्ती संघटनेच्या कार्यात उतरली. संघकार्यात 'प्रवास' हा शब्द सहलीच्या अर्थाने वापरला जात नाही. कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे, त्या घरात शिजेल ते खायचे, घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांशी बोलायचे आणि निघताना ते घर कायमचे जोडून जायचे, हा त्याचा अर्थ. श्रीगुरुजींनी १९४० ते १९७३ अशी तेहेतीस वर्षे याच पद्धतीने देशाची अखंड परिक्रमा केली. १९८३ च्या एकात्मता यात्रेत गंगाजल घेऊन निघालेले रथ हरिद्वार, काठमांडू आणि गंगासागर येथून दक्षिण-पश्चिमेला गेले आणि त्यांचे मार्ग नागपुरात एकत्र आले, तेव्हा गावोगावच्या सामान्य माणसाला आपण एका मोठ्या कुटुंबाचे आहोत याचा प्रत्यय आला. त्या यात्रेत बहुतेक लोक कोठेच गेले नव्हते. यात्राच त्यांच्या दारी आली होती.

पाहण्यासाठी येणारे

चौथा प्रकार आजच्या पर्यटकाचा. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पाहण्याची ओढ ही काही हीन प्रवृत्ती नव्हे, आणि डोळसपणे पाहणाऱ्याने वाशीमवर मोठे उपकार केले आहेत. १९३९ साली येथे वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला नसता आणि अभ्यासकांनी तो वाचला नसता, तर वाकाटकांची वत्सगुल्म शाखा अंधारातच राहिली असती. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. अजिंठ्याला जगभरातून लोक येतात. ज्या राजधानीच्या छायेत ते लेणे घडले तिचे नाव त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

पाहण्यासारखे वाशीममध्ये काय आहे, असा प्रश्न विचारला जातो. पद्मतीर्थ आहे; भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी उभारलेले बालाजी मंदिर आहे; मध्यमेश्वराचे स्थान आहे. भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थाने सांगताना उज्जयिनीच्या बरोबरीने वत्सगुल्माचे नाव घेतले आहे. ग्रीनिचची रेषा ठरण्याच्या कित्येक शतके आधी हा देश ज्या रेषेवरून काळ मोजत होता, तिच्यावर या नगरीची गणना होत होती. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले आहे. दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. अडचण पाहणाऱ्याच्या घाईत आहे आणि दाखवणाऱ्याच्या उदासीनतेतही आहे.

या उदासीनतेचा दोष बाहेरच्यांवर ढकलून चालणार नाही. शिरपूरला दोन पंथांतील वादामुळे १९८१ पासून चार दशके भाविकांना मोकळेपणी दर्शन घेता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये दार उघडले. शेकडो कोसांवरून आलेला यात्री दाराबाहेर आणि आतल्या मालकीचा वाद न्यायालयात, हे चित्र कोणत्याही हिंदू, जैन माणसाला भूषणावह नव्हते. तीर्थक्षेत्रांतील अस्वच्छता, पैसे देणाऱ्यासाठी वेगळी रांग, नदीकाठी साचलेले प्लास्टिक हेही घरचेच दोष आहेत. यात्रेकरूने पर्यटकाचे दुर्गुण उचलायचे आणि पर्यटकाची जिज्ञासा तेवढी टाळायची, ही आजची खरी शोकांतिका आहे.

नाइलाजाने निघणारे

आणखी एक प्रवासी आहे. त्याचे वर्णन कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत सापडत नाही. दिवाळीच्या आसपास तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, सोबत चुलीची भांडी. सोयाबीन आणि कपाशी यांनी जे दिले नाही ते शोधत हा प्रवासी जातो. त्याचे पूर्वज बैलांच्या तांड्याचे मालक होते. हा ट्रकच्या मागच्या फळक्यात बसलेला असतो. त्या प्रवासात मान होता, यात केवळ मजुरी आहे. त्याच्या मुलाची शाळा मध्येच सुटते आणि त्या मुलाचा पुढचा सारा प्रवास तेथेच ठरून जातो.

वारकऱ्याला अन्न देणारा समाज या प्रवाशाला काय देतो? पालखी आली की पटांगण झाडणाऱ्या गावाला, कामावर गेलेल्यांची मुले सहा महिने गावातच राहून शिकावीत म्हणून एखादे घर, एखादे वसतिगृह उघडता येणार नाही का? सेवाकार्याच्या क्षेत्रात असे प्रयत्न महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झालेले आहेत. अन्नदानाची परंपरा असलेल्या भूमीत ते अवघड नाही. अतिथी दारात आल्यावर त्याला देव मानणे हा धर्म आहे; घरचा माणूस दार सोडून जाताना त्याची वाट अडू नये आणि त्याची परतीची वाट बुजू नये, हे पाहणे हाही धर्मच आहे.

वेग आणि विसावा

रस्ते हवेत, वेगही हवा. कधीकाळी कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' गाडी इतक्या संथपणे जाई की तिच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात; पण त्या संथपणावर आजारी माणूस रुग्णालयात पोहोचत नाही. अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला, याचे स्वागतच करायला हवे. त्याच मार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस जण मृत्युमुखी पडले, हेही विसरता येत नाही. वेगाला विसाव्याची जोड हवी, ही केवळ कवीची मागणी नाही.

विसाव्याचे स्थान देणे हे मात्र शासनाच्या फलकाने होत नाही. मालेगावच्या किंवा शेलूबाजारच्या फाट्यावर उतरलेल्या कुटुंबाला वत्सगुल्माची गोष्ट सांगणारा एखादा स्थानिक तरुण, पोहरादेवीत फेटिया-कांचळीवरील भरतकाम समजावून सांगणारी एखादी तांड्यावरची भगिनी, कारंज्यात गुरुमंदिराइतक्याच आदराने जैन ग्रंथभांडारांकडे बोट दाखवणारा एखादा शिक्षक, एवढे मिळाले तरी पर्यटकाचा यात्री होण्यास प्रारंभ होईल. आणि त्या तरुणाला, त्या भगिनीला त्यातून उपजीविका मिळाली, तर दिवाळीनंतर निघणाऱ्या ट्रकमधील एक जागा तरी रिकामी राहील.

काव्यपुरुष अनेक देश हिंडला. पण त्याचा विवाह झाला तो त्याने जेथे मुक्काम केला तेथे. वत्सगुल्माचा मोठेपणा एवढाच नव्हता की ते वाटेवर होते. आलेल्याने थांबावे, असे काही त्या नगरीपाशी होते. वाट आज पुन्हा वाशीमच्या दारावरून गेली आहे. दार उघडे ठेवायचे की नाही, हे महामार्ग ठरवणार नाही. वाशीमकरांनाच ते ठरवावे लागेल.