वेब सिरीजसाठी शेत विकू नका, कादंबरीही विकू नका

मागच्या महिन्यात अमळनेरच्या बॅचमध्ये एक पोरगा आला होता. कापडी पिशवीत सहाशे पानांची कादंबरी, सगळी हाताने लिहिलेली. तापीच्या डोहात बुडालेलं राज्य, बोलणारं घुबड, सात पिढ्यांचं वैर. मी रात्री सहज म्हणून उघडली आणि दीड वाजला. पोरगा लिहितो छान. पण सकाळी त्याचा प्लॅन ऐकला आणि माझा चहा गार झाला. वडिलांची दोन बिघे जमीन विकायची, त्या पैशात पहिला एपिसोड शूट करायचा आणि तो घेऊन मुंबईत ओटीटीवाल्यांची दारं वाजवायची.

थांब भो, म्हटलं.

मंडळी, माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे. अशी मोठी अद्भुत कथा पडद्यावर आणायचा खर्च लेखकाने करायचा नसतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सगळ्यांना माहीत आहे. त्याचा शूट केलेला पहिला एपिसोड इतका फसला की तो जवळजवळ सगळा पुन्हा शूट करावा लागला. एचबीओला ते परवडलं. आपल्याला दोन बिघ्यांत दुसरा चान्स मिळत नाही.

आणि बाजारही आता पूर्वीचा राहिलेला नाही. ‘द व्हील ऑफ टाइम’ ही १४ खंडांची कादंबरीमाला. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्ये तिची सिरीज सुरू केली आणि मे २०२५ मध्ये, तीन सीझननंतर, बंद केली. गोष्ट अर्धवटच राहिली. ज्यांच्या तिजोरीला तळ नाही ते हात वर करतात, तिथे आपण कुठे?

मग मराठी लेखकाने काय करायचं? सुहास शिरवळकरांची ‘समांतर’ बघा. एका माणसाला कळतं की त्याच्या हातावरच्या रेषा दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर आधीच होत्या, आणि त्या माणसाचा भूतकाळ हेच याचं भविष्य आहे. केवढी जबरदस्त कल्पना! पण तिला ना ड्रॅगन लागतो, ना उडणारा घोडा. एक तळहात, एक डायरी, दोन चांगले नट. २०२० मध्ये सतीश राजवाडेंनी त्यावर एमएक्स प्लेअरसाठी सिरीज केली, २०२१ मध्ये दुसरा सीझन आला. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते. पुढे एमएक्स प्लेअरही अ‍ॅमेझॉनकडे गेलं. दुकानाची पाटी बदलली, पण कादंबरी जिथल्या तिथे आहे.

मी त्याला म्हटलं, तुझ्या सहाशे पानांत अशी बिनखर्चाची जादू कुठे आहे ते शोध. ते घुबड मला आवडलं. रात्री एका म्हातारीच्या खिडकीत बसून बोलतं, एवढं एक प्रकरण घे. आधी ऑडिओ कर. बुडालेलं राज्य आवाजात उभं करायला सेट लागत नाही.

व्हिडिओच करायचा असेल तर धुळ्याच्या पलीकडे मालेगाव आहे. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हिरवं कापड लावून सुपरमॅन उडवला होता. त्यांच्यावर आधी डॉक्युमेंटरी निघाली, मग २०२५ मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरला लागला. जुगाड शिकावा तो त्यांच्याकडून. फरक एकच, सुपरमॅन परक्याचा होता. तुझं घुबड तुझं स्वतःचं आहे.

खरी गोम इथेच आहे. अमळनेरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये इथे वनस्पती तेलाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. तेलाच्या जागी कॉम्प्युटर आले, पण ज्यांनी शेअरचा कागद पेटीत जपून ठेवला त्यांचं काय झालं हे गावात कुणालाही विचारा. ज्यांनी लवकर विकला त्यांनाही विचारा, फक्त जरा हळू आवाजात.

कादंबरीचे हक्क म्हणजे तसाच कागद. उद्या कुणी आलं आणि “सगळे हक्क कायमचे द्या, हे घ्या पन्नास हजार” म्हणालं तर पेन खाली ठेवायचं. सिरीजचे हक्क वेगळे, ऑडिओचे वेगळे, पुस्तकाचे वेगळे, दुसऱ्या भाषेतले वेगळे. करारात मुदत लिहून घ्यायची. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क घेऊन समोरच्याने वर्षभर काहीच केलं नाही तर ते परत येतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणूनच ते “वेगळं काही” कुठल्या ओळीत लपलंय हे वकिलाकडून वाचून घ्यायचं. वकिलाची फी जमिनीपेक्षा स्वस्त असते. लेखक गेल्यावरही ६० वर्षं हे हक्क वारसांकडे राहतात. दोन बिघे तरी एवढं टिकतील का, सांगता येत नाही.

पोरगा ऐकत होता, पण चेहरा पडलेला. शेवटी म्हणाला, “सर, पण वडील तयार आहेत ना विकायला.”

मी विचारलं, “वडिलांनी कादंबरी वाचलीय?”

नव्हती वाचली. अक्षर बारीक, म्हाताऱ्याला दिसत नाही. म्हटलं, मग आजपासून रोज रात्री त्यांना एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखव आणि मोबाइलवर रेकॉर्ड करत जा. कुठे त्यांना डुलकी लागते तेही लिहून ठेव.

काल त्याचा फोन आला. अकरा प्रकरणं झालीत. चौथ्यात झोपले म्हणे.