बैल धाडणारे आणि नांगर ओढणारे

२०२५ सालच्या आषाढांतली गोष्ट आहे. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही औशाच्या आमच्या वाड्यांत ओसरीवर बसलों होतों. बोलणें पेरणीचें चाललें होतें. इतक्यांत पुतण्यानें आपल्या मोबाईलवर एक चित्रफीत लावून ती सर्वांच्या मधोमध धरली. आपल्याच लातूर जिल्ह्यांत, अहमदपूर तालुक्यांत, हाडोळती म्हणून गांव आहे. तेथील एक वृद्ध शेतकरी बैलाच्या जागीं स्वतःला जुंपून औत ओढीत होता आणि त्याची वृद्ध पत्नी मागून चालत होती. बैल पोसण्याची ऐपत नाहीं, ट्रॅक्टरचें भाडें परवडत नाहीं, म्हणून हें असें. थोरल्या काकूंनीं डोळ्यांस पदर लावला. दादा, म्हणजे आमचे वडील बंधु, कांहीं न बोलतां सुपारी कातरीत राहिले.

पुढच्या दोनचार दिवसांत ती चित्रफीत देशभर गेली. सोनू सूद या प्रसिद्ध सिनेनटानें बैल धाडण्याची तयारी जाहीर केली. त्या वेळचे सहकारमंत्री बाबासाहेब पाटील हे अहमदपूरचेच आमदार. त्यांनीं त्या वृद्धाच्या कर्जाचा भार स्वतःकडे घेतला. हें वर्तमानपत्रांत वाचल्यावर आमच्या घरांत सर्वांनाच हायसें वाटलें, जणूं आमच्याच डोक्यावरचें कांहीं ओझें उतरलें. तेवढ्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं (त्या पुण्याच्या, नुकत्याच आमच्या घरांत आल्या होत्या) हळूच विचारलें, "काका, त्या गांवांत बैल नसलेलें तें एकच घर आहे का हो?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. योगायोग असा कीं, त्याच सुमारास त्याच तालुक्यांतला दुसरा एक शेतकरी खांद्यावर नांगर घेऊन पायीं मुंबईच्या वाटेला लागला. तो स्वतःसाठीं बैल मागत नव्हता. सर्वच शेतकऱ्यांचें कर्ज माफ करा, असें त्याचें मागणें होतें. अशा माणसाला पाठिंबा देणें हें बैल धाडण्याइतकें सोपें नसतें.

श्रीमंत आणि वजनदार माणसें गोरगरिबांच्या चळवळींची बाजू घेतात ही गोष्ट आजची नव्हे. ती सगळी ढोंगाचीच असते असें ठरविण्याची आपल्यांतील कित्येकांना जी घाई असते, ती मला पसंत नाहीं. २०१५ च्या दुष्काळांत नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यांत हिंडले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांच्या हातीं त्यांनीं धनादेश दिले आणि त्यांतूनच 'नाम' ही संस्था उभी राहिली. ज्या घरांत त्या पैशानें चूल पेटली, त्या घरानें देणाऱ्याच्या मोटारीची किंमत कां विचारावी? परंतु मदत निराळी आणि पाठिंबा निराळा. मदतींत देणाऱ्याची थैली थोडी हलकी होते, एवढेंच. विषमतेविरुद्ध जो मोर्चा निघतो, त्याला पाठिंबा द्यावयाचा म्हणजे मोर्चेकऱ्यांचें मागणें मान्य झालें तर आपलें काय जाईल, याचा हिशेब आधीं मांडावा लागतो. हा हिशेब मांडलेला मात्र फारसा आढळत नाहीं.

२०१८ सालचा किसान लाँग मार्च वाचकांना आठवत असेलच. ६ मार्च रोजीं नाशिकहून निघालेले हजारों शेतकरी, आणि त्यांत आदिवासींचा भरणा मोठा, जवळजवळ १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसले. दहावीच्या परीक्षेस निघालेल्या मुलांची वाट अडूं नये म्हणून शेवटच्या रात्रीची विश्रांति सोडून ते अंधारांतच चालत राहिले. त्यांच्या फोड आलेल्या, सोललेल्या पायांचीं छायाचित्रें पाहून मुंबईचा मध्यमवर्ग प्रथमच हेलावला. लोकांनीं पाणी आणलें, खाण्याचे जिन्नस आणले, चपला आणल्या. आपल्या लातूरजवळच्या बाभळगांवच्या देशमुखांचे चिरंजीव, सिनेनट रितेश देशमुख, यांनींही त्या रात्रीच्या चालण्याचें जाहीर कौतुक केलें. तें मनापासूनचें नव्हतें असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. मग पुढाऱ्यांची रीघ लागली. विरोधी पक्षांचे तर आलेच, पण शिवसेना त्या वेळीं राज्याच्या सत्तेंत भागीदार होती, तरी तिचे आदित्य ठाकरेही मोर्चेकऱ्यांना भेटून पाठिंबा देऊन गेले. सरकारनें बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. म्हणजे राजधानींतील सारेंच मोर्चाच्या बाजूचे. मग मोर्चा होता तरी कोणाविरुद्ध?

याचें उत्तर पुढच्या सालीं मिळालें. फेब्रुवारी २०१९ मध्यें त्याच लोकांना नाशिकहून पुन्हां पायीं निघावें लागलें. मार्च २०२३ मध्यें ते आणखी एकदां निघाले, आणि वनजमिनीचा प्रश्न त्याही वेळीं त्यांच्या कागदावर होताच. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला चपला घेऊन धांवणाऱ्यांची गर्दी तितकी नव्हती. करुणेला नवेपणा लागतो, आणि जमिनीचे दावे तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

आपल्या भागांत हें कोडें आणखी अवघड होऊन बसतें. येथें मोर्चाच्या अग्रभागीं चालणारा पुढारी बहुधा कोठल्या ना कोठल्या साखर कारखान्याचा अध्यक्ष, नाहीं तर बँकेचा संचालक, किंवा शिक्षणसंस्थेचा चालक असतो. कधीं कधीं तिन्ही एकदम. उसाला भाव मिळाला पाहिजे अशी घोषणा तो देतो. त्याच्यामागें ती घोषणा उचलून धरणाऱ्या शेतकऱ्याच्या उसाला तोड कधीं मिळावी, हें त्याच्याच कचेरींत ठरत असतें. सोयाबीनची गोष्ट तर ताजी आहे. २०२५-२६ साठीं केंद्र सरकारनें क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. त्या दिवाळीच्या सुमारास लातूरच्या अडतींत त्याहून बऱ्याच कमी भावानें माल जात होता, आणि हमीभावाच्या बाजूनें बोलत नव्हता असा एकही पक्ष नव्हता.

हें आपल्याकडेच चालतें असें मात्र नाहीं. २०११ सालीं न्यूयॉर्कच्या सराफकट्ट्याजवळ, झुकोटी पार्क नांवाच्या बागेंत, धनिकांच्या विरुद्ध तरुणांनीं तळ ठोकला, तेव्हां कान्ये वेस्ट हा कोट्यधीश गवई गळ्यांत सोन्याच्या सांखळ्या घालून त्यांना भेटावयास गेला होता. २०२१ मध्यें एका मोठ्या संग्रहालयाच्या मेजवानीस, जेथें एका आसनाची किंमत हजारों डॉलर असते, एक लोकप्रतिनिधि बाई पांढऱ्या झग्यावर 'श्रीमंतांवर कर बसवा' अशीं लाल अक्षरें लिहवून गेल्या. त्यांचें म्हणणें असें कीं, हें सांगावयाचें तें श्रीमंतांच्याच पंगतींत सांगावें. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. तरी पंगत उठल्यावर काय लक्षांत राहिलें म्हणाल तर झगाच.

या सर्वांत मला एक उदाहरण निराळें वाटतें. ऑस्ट्रियांतील मार्लेने एंगलहॉर्न ही तरुणी एका फार जुन्या रसायन-उद्योगाच्या संस्थापकाच्या वंशांतली. आजीच्या मृत्यूनंतर तिला अफाट संपत्ति वारशानें आली, आणि त्या देशांत वारशावर कर नाहीं. तिनें मोर्चांत भाषणें केलीं तीं आपल्यासारख्यांवर कर बसवावा म्हणून. सरकार ऐकेना, तेव्हां २०२४ सालीं अडीच कोटी युरो तिनें बाजूला काढले आणि त्यांचें काय करावें हें स्वतः न ठरवितां, निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या ५० सामान्य नागरिकांच्या मंडळाला ठरवावयास सांगितलें. त्यांनीं ती रक्कम ७७ संस्थांना वांटली. पैसे दिले याहून, कोणास द्यावे हें ठरविण्याचा अधिकार सोडला, ही गोष्ट मला मोठी वाटते. आपल्या पुण्यकर्मांतही तो अधिकार आपण सहसा सोडीत नाहीं. देवळाच्या पायरीवर नांव कोरलेलें असतेंच.

आपल्याच समाजांतला दाखला हवा असेल तर शरद जोशी यांचा देतां येईल. साताऱ्यांत जन्मलेला, उत्तम शिकलेला, स्वित्झर्लंडमध्यें बर्न येथें आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेंत मोठ्या पगारावर असलेला हा गृहस्थ नोकरी सोडून परत आला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसूं लागला. तिचा जमाखर्च त्यानें कागदावर मांडला आणि शेती तोट्यांत कां जाते हें स्वतःच्या नुकसानीवरून समजून घेतलें. मग १९८० सालीं कांद्याचें आंदोलन उभें राहिलें. जोशींचीं सर्वच मतें मला पटतात असें नाहीं. खुल्या बाजारावरची त्यांची श्रद्धा मला नेहमींच थोडी भाबडी वाटत आली. पण त्यांच्या पाठिंब्याला स्वतःच्या तोट्याची वही जोडलेली होती, हें विरोधकालाही नाकारतां येणार नाहीं. आमच्यासारख्या घरांतून मात्र तेव्हां "इतकी चांगली नोकरी सोडली!" एवढाच उद्गार निघत असे.

इतरांचें एवढें बोलल्यावर आपल्या घराचा दरवाजा झांकून घेणें बरें दिसणार नाहीं. आमचे आजोबा निजामाच्या काळांत सत्याग्रह्यांना रात्रीं-अपरात्रीं घरांत आश्रय देत. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान मुक्त झालें तेव्हां त्यांनीं चौकांत भाषण केलें आणि जमीन कसणाराची झाली पाहिजे असें सांगितलें, असें घरांत अभिमानानें सांगतात. पुढें १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला. त्याच आजोबांनीं आमच्या मळ्यावरच्या कुळाकडून राजीनामा लिहून घेतला. त्यानें तो स्वखुशीनें दिला असें कागद सांगतो. ही दुसरी गोष्ट घरांत कोणी सांगत नाहीं. मला ती जुन्या पेटींत सांपडली.

त्या भीतीची सांवली अजून आमच्या ओसरीवर आहे. आमची जमीन आज एकजण बटईनें करतो. बियाणें, खत, राबणूक त्याची, जमीन आमची, पीक निम्मेंनिम. लिहून कांहीं नाहीं, कारण लिहिलें तर कूळ लागेल. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत जो पाऊस कोसळला, त्यांत काढणीला आलेलें सोयाबीन पाण्यांत कुजलें. सरकारनें अनुदान दिलें, कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. अनुदान सातबाऱ्यावरच्या नांवाप्रमाणें मिळतें. बटईदाराचें नांव सातबाऱ्यावर नसतें. तेव्हां ज्यानें पेरलें आणि ज्याचें बियाणें वाहून गेलें, त्याच्या नुकसानीची भरपाई दादांच्या खात्यांत येऊन पडली.

हें सूनबाईंनींच काढलें. नांगर घेऊन मुंबईला निघालेल्या त्या शेतकऱ्याचें कौतुक आम्हीं सर्वांनीं केलें होतें. दादांनीं तर ती बातमी नातेवाईकांनाही धाडली होती. "मग हे पैसे कोणाचे?" असें तिनें विचारल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दादा म्हणाले, "बँकेंतून त्याच्या नांवें दिले तर उद्यां तोच कागद कोर्टांत पुढें येईल." यावर काकू म्हणाल्या, "मग हातांत द्या. पण द्या. त्याच्या घरीं कोणी नट यायचा नाहीं." पुतण्याचें म्हणणें सारेच द्यावे असें पडलें. माझें मत कोणीं विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मींही आपण होऊन तें दिलें नाहीं.

अखेर पिकाचा वाटा निम्मा, तसा अनुदानाचाही निम्मा, असें दादांनीं ठरविलें. बियाण्याच्या खर्चाचें पाडव्याला सालाच्या हिशेबांत पाहूं म्हणाले. बटईदार संध्याकाळीं आला, ओसरीच्या कडेला टेकला. दादांनीं नोटा त्याच्या हातीं दिल्या. त्यानें त्या मोजल्या नाहींत, खिशांत घातल्या. मग थोडें थांबून, खालीं पाहत त्यानें एवढेंच विचारलें, "पाडव्यानंतर जमीन माझ्याकडंच राहील नव्हं, मालक?"