ओढ्याची तपासणी कचेरीत नको, ग्रामसभेत करा!

साथींनो,

ओढा दुरुस्त करायचा, पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायची, असा आराखडा निघाला की ऐकायला बरं वाटतं. नको कोण म्हणेल? पण तो आराखडा केला कोणी, तपासला कोणी, आणि चुकला तर कोणाच्या घरातला हंडा रिकामा राहणार, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हात वर करू नका, अंगठा उठवू नका. असं का म्हणतो, ते समजायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्याकडं बघा.

तुम्ही म्हणाल, आपण डोंगरातली माणसं. हातकणंगले म्हणजे ऊस, यंत्रमाग आणि कारखाने. आपला काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या आपल्या डोंगरातून निघतात. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे असं लोक मानतात. ही पंचगंगा कोल्हापूर शहर ओलांडून शिरोली, रुकडी, रुई, इचलकरंजी करत नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. डोंगरातून निघताना हातात घेऊन पिण्यासारखं असलेलं पाणी इचलकरंजीला पोचेपर्यंत जनावराला पाजायची भीती वाटावी असं होतं.

दुसरा संबंध माणसांचा. चांदोली अभयारण्यातून आणि वारणा धरणातून उठवलेल्या आपल्या भाऊबंदांच्या वसाहती हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत आहेत. १९८५ ला चांदोलीचं अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. फलक तीनदा बदलला. झऱ्याकाठचा माणूस मात्र सपाटीला जाऊन दुसऱ्याच्या नळाकडं बघत बसला.

काळ्या ओढ्याची फाईल

इचलकरंजीजवळ पंचगंगेला एक ओढा मिळतो. नाव काळा ओढा. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी घेऊन तो वाहतो. नाव त्याला शोभतं.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, कित्येक मेली. मागावर बारा बारा तास उभं राहणारा कामगार आणि त्याची बायकापोरं त्यात सगळ्यात पुढं होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नागपूरच्या नीरी संस्थेला अभ्यास करायला सांगितलं. पुण्याच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती बसली. अहवाल आले, बैठका झाल्या, नोटिसा निघाल्या.

मग २०१८ साल आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. ३५१ पट्टे, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. पंचगंगा त्या यादीत आहे. २० सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रीय हरित लवादानं हुकूम दिला: प्रत्येक राज्यानं दोन महिन्यांत नदी सुधारायचा आराखडा करावा, आणि सहा महिन्यांत नदीचं पाणी निदान आंघोळीच्या लायक व्हावं. हुकूम चांगला होता. त्यासाठी प्रत्येक राज्यात चार जणांची समिती नेमायला सांगितली. ते चार कोण? पर्यावरण खात्याचा अधिकारी, नगरविकास खात्याचा अधिकारी, उद्योग खात्याचा अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सदस्य सचिव. त्यांनी केलेला आराखडा तपासणार कोण? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ.

आता बोटं मोजा. यात मासे धरणारा भोई आहे का? नदीकाठचा शेतकरी आहे? नळाला येईल ते पिणारी कामगार बाई आहे? वरच्या डोंगरातला, झरा राखणारा कोणी आहे? एकही नाही. म्हणजे ज्या खात्यांच्या डोळ्यांदेखत नदी काळी झाली, त्यांनीच आराखडा करायचा आणि त्यांच्याच वरच्या कचेरीनं तो पास करायचा. परीक्षा देणारा एका घरातला, पेपर तपासणारा त्याच घरातला.

सहा महिने कधीच उलटून गेले. त्यानंतरही तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडलेला लोकांनी पाहिलाय. आंघोळीच्या पाण्याचं माप सरकारी कागदात स्पष्ट आहे: लिटरमागे जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली नको. साध्या भाषेत सांगायचं तर पाण्यात कुजणारी घाण कमी हवी आणि माशाला श्वास घ्यायला हवा पुरली पाहिजे. मासा उलटा तरंगत असेल तर माप काय सांगतंय ते कळायला यंत्र लागत नाही.

नियमाच्या चाळणीला भोक

कोणी म्हणेल, पाणथळ जागांसाठी कायदा आहे की. आहे. २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. पाणथळ जागा बुजवायची नाही, तिथं घाण सोडायची नाही, पक्कं बांधकाम करायचं नाही. जागा जाहीर करताना तिथले आधीपासूनचे हक्क लिहून काढायचे आणि बाधित माणसांच्या हरकती विचारात घ्यायच्या.

पण व्याख्या वाचा. नदीचं पात्र पाणथळ जागेत धरलेलं नाही. भातखाचर नाही. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेला तलाव नाही. म्हणजे पंचगंगेचं पात्र या नियमाबाहेर. आणि आणखी एक: भारतीय वन कायदा १९२७, वन्यजीव कायदा १९७२ आणि वन संवर्धन कायदा १९८० ज्या जागेला लागू आहेत, तिथल्या पाणथळीला हे नियम लागत नाहीत. म्हणजे आपल्या सड्यावरचं तळं, रानातली दलदल, देवराईतला डोह हेही बाहेर. ते सगळं वनखात्याच्या मुठीत.

उपग्रहातून मोजलेल्या देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागा राखा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ ला सांगितलं. पण ती मोजणी सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांची. आपल्या धनगरवाड्याला उन्हाळाभर जगवणारा उमाळा दोन गुंठ्यांचा असतो. उपग्रहाला तो दिसत नाही. म्हशीला दिसतो.

खालची चूक, वरच्यांना शिक्षा

आता मुद्द्याचं ऐका. नदी सुधारायचे आराखडे कागदावर राहिले, आणि इचलकरंजीला पाणी तर पाहिजेच. मग काय केलं? नदी साफ करण्याऐवजी दुसरी नदी शोधली. वारणेचं पाणी दानोळीतून न्यायची योजना काढली. दानोळीकर आणि वारणाकाठ रस्त्यावर उतरला. मग दूधगंगेवर सुळकूडहून पाणी न्यायची योजना पुढं आली. कागलकर उठले. आता गाव शहराशी भांडतंय, कामगार शेतकऱ्याशी भांडतोय. ओढ्यात घाण सोडणारा कुठंच भांडत नाही. त्याला भांडायची गरजच पडली नाही.

आणि वारणेचं पाणी म्हणजे कोणाचं? ज्या धरणासाठी आपल्या माणसांनी घरं सोडली ते पाणी. दूधगंगेचं म्हणजे काळम्मावाडीचं, तिथंही गावं बुडाली. एक नदी नासली की दुसऱ्या नदीवर बोट ठेवायचं, ती अपुरी पडली की डोंगरात नवं धरण मागायचं. खालच्या ओढ्याच्या तपासणीत झालेल्या ढिलाईचं बिल असं वर चढत चढत शेवटी रानातल्या गावापर्यंत येतं.

इचलकरंजीचा कामगार आपला वैरी नाही. त्याला स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे. पण ते त्याच्या दारावरून वाहणाऱ्या नदीतून मिळालं पाहिजे. त्याची नदी साफ व्हावी ही त्याची मागणी आहे तेवढीच आपलीही आहे.

दुसरं बिल आणखी वेगळ्या नावानं येतं. त्याचं नाव पाणलोट उपचार. खाली पाणी कमी पडतं, गाळ येतो, म्हणून वर डोंगरात चराई बंद, चर खोदाई, वृक्षलागवड. लव्हाळा असलेल्या ओलसर जागेत खड्डे काढून रोपं लावायची, म्हणजे दलदलही गेली आणि रोपंही मेली. जलयुक्त शिवारच्या काळात ओढ्या-ओढ्यांत पोकलेन शिरलं. खोलीकरण झालं, काठावरची करंजी-उंबरं गेली, चढणीच्या माशांच्या जागा गेल्या. कागदावर त्याला पुनरुज्जीवन म्हणतात.

यासाठी पैसाही आहे. भरपाई वनीकरणाचा निधी आहे, त्याचा कायदा २०१६ चा, नियम २०१८ चे. त्या नियमात ग्रामसभेशी सल्लामसलत करायची असं लिहिलंय. सल्लामसलत, संमती नाही! या दोन शब्दांत आपलं रान जातं. सल्ला घेतला म्हणायला हजेरीच्या वहीवर चार सह्या पुरतात. संमती घ्यायला मात्र सगळी सभा भरवावी लागते आणि ‘नाही’ ऐकून घ्यावं लागतं.

म्हणे तुम्हाला काय कळतं

साहेब म्हणतात, हे तांत्रिक काम आहे, ग्रामसभेला काय कळणार? आम्ही विचारतो, महिन्याला एकदा दिवसाउजेडी बाटली भरून नेणाऱ्याला काय कळतं? घाण रात्री सुटते. पहिल्या पावसात सुटते. बंधाऱ्याचे बरगे काढले की साठलेलं सगळं एकदम खाली जातं. हे काठावर राहणाऱ्याला कळतं. कोणता झरा शिमग्यापर्यंत वाहतो आणि कोणता अक्षय्य तृतीयेलाही आटत नाही, मासे कोणत्या ओहोळानं चढतात, म्हसरं कुठं बसतात, हे आपल्याला कळतं. प्रयोगशाळेची बाटली हवीच. पण बाटली कधी आणि कुठं भरायची हे गावानं सांगितलं पाहिजे आणि बाटली भरताना गावानं उभं राहिलं पाहिजे.

आणि हे काही आपण नव्यानं मागत नाही. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ काढा. लगतचं पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत आणि नाजूक जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. कलम ३ मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर वस्तूंवरचा सामूहिक हक्क आहे, चराईचा हक्क आहे, सामूहिक वनाचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे. वनजमिनीवर तळं किंवा पाणी साठवायचं बांधकाम त्या कायद्याच्या कलम ३(२) खाली करायचं असलं, तर जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजेच. पेसा कायदा १९९६ चा. तो पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोलीच्या अनुसूचित क्षेत्रात लहान जलसाठ्यांचं नियोजन गावच्या हाती देतो. कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, पण वनहक्क कायदा इथंही लागू आहे. धनगरवाड्यांनो, तुम्ही ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यात आहात. तीन पिढ्यांचा पुरावा जमवा आणि दावा टाका.

गावाचा शब्द चालतो का? ओडिशात नियमगिरीचं बघा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, खाणीचा निर्णय ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा ‘नाही’ म्हणाल्या. खाण थांबली. आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, तो गाव सभा भरवत राहिलं म्हणून.

आता काय करायचं

१. ओढा, तळं, दलदल, पाणलोट, नदी सुधारणा यातल्या कोणत्याही नावाचा आराखडा आला की पूर्ण प्रत मराठीत मागा, नकाशासह. तीन पानांचा सारांश घेऊ नका. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

२. आपल्या हद्दीतले झरे, उमाळे, डोह, कोंड, पाणवठे यांची यादी गावानं स्वतः करा. नाव, जागा, किती महिने पाणी, कोण वापरतं, सगळं लिहा. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला ती यादी जोडा. यादीत नसलेला झरा उद्या कोणाच्याही आराखड्यात बुजवता येतो.

३. आराखड्यात चराई, मासेमारी किंवा वाट बंद करायचा शब्द असेल तर तिथंच लेखी हरकत घ्या. दाव्याचा निकाल लागेपर्यंत काम सुरू होऊ देऊ नका.

४. खालच्या गावांशी बोला. हातकणंगले, शिरोळचे आपले वसाहतवाले, नदीकाठचे शेतकरी, मागकामगार यांची आणि आपली मागणी एकच: आराखडा तपासणाऱ्या समितीत वरपासून खालपर्यंतच्या ग्रामसभांचे निवडून दिलेले प्रतिनिधी, निम्म्या बायका.

५. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका:

‘आमच्या गावाच्या हद्दीतील ओढे, झरे व पाणथळ जागा यासंबंधीचा कोणताही आराखडा या ग्रामसभेने पूर्ण वाचून, जागेवर जाऊन तपासून, बहुमताने लेखी संमती दिल्याशिवाय मंजूर समजू नये. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे.’

साथींनो, काळा ओढाही कधीतरी नुसता ओढा होता. तो काळा होत असताना त्याच्यावर नियम होते, मंडळ होतं, अधिकारी होते. नव्हता तो फक्त काठावरच्या माणसाचा ‘नाही’. आपल्या डोंगरातले ओढे अजून स्वच्छ आहेत. त्यांच्यासाठी तो ‘नाही’ आजच लिहून ठेवा.

पाणी आमचं, तपासणीही आमची!
जल, जंगल, जमीन — ग्रामसभेच्या हाती!