कोंबड्यांबरोबर कोंबडा हवाच का?

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या घरी विचारून पाहा, "कोंबडा कशासाठी ठेवला आहे?" अनेकदा उत्तर मिळेल, "तो नसेल तर कोंबड्या अंडी कशा देतील?" हे उत्तर चूक आहे. त्याची किंमत मात्र घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रोज मोजावी लागते.

कोंबडी अंडी घालते ती तिचे वय, खाद्य आणि दिवसाची लांबी यांवर. एक अंडे शरीरात तयार होण्यास सुमारे 25 तास लागतात, मग जवळ कोंबडा असो वा नसो. बाजारातली अंडी ज्या मोठ्या पोल्ट्रींतून येतात, तेथील पिंजऱ्यांत कोंबडा नसतोच. कोंबड्यामुळे अंडे फलित होते, एवढेच. फलित अंडे 21 दिवस उबवले तर त्यातून पिल्लू बाहेर येते. खाण्याच्या दृष्टीने दोन्ही अंडी सारखीच.

आता खर्च पाहा. कोंबडा रोज 100 ते 120 ग्रॅम दाणे खातो, म्हणजे वर्षाला 40 किलोच्या आसपास. हे एक वेळ सोसता येईल. आवाजाचे तसे नाही. एक मीटर अंतरावर आरवण्याची पातळी 100 डेसिबल धरू. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे 6 डेसिबलनी उतरते. तेव्हा 2 मीटरवर 94, 4 मीटरवर 88, 8 वर 82 आणि 16 मीटरवर 76. दोन माणसांचे साधे बोलणे 60 च्या आसपास असते. चाळीत किंवा दाट आळीत 16 मीटरवर कोण राहते, हे सांगायला नको. तेथे कोणी रात्रपाळी करून झोपलेला असतो, कोणी आजारी असतो, कोणाची दहावीची परीक्षा असते.

रात्री खुराडे झाकून ठेवू, असे कोणी म्हणेल. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्यांनी कोंबडे सतत मंद प्रकाशात ठेवले. उजाडणे नाही, मावळणे नाही, तरीही ते साधारण 24 तासांच्या अंतराने आरवत राहिले. पहाटेचे घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, ही आपली म्हण खरीच. पण कोंबडा आरवायचाही राहत नाही!

म्हणून माझे मत असे की, दाट वस्तीत केवळ अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्याने कोंबडा ठेवू नये.

वाडीवर किंवा शेतातल्या घरी गोष्ट वेगळी. तेथे कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, आणि घार व मुंगूस दोघांचीही नजर त्यांच्यावर असते. कोंबडा सावध असतो. आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी त्याची एक हाक, जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरी. आणि कोंबड्या हाक ओळखून लपतात किंवा मान उंच करून पाहतात. दाणा दिसला तर तो स्वतः खाण्याआधी त्यांना बोलावतो. (मला तर त्याचा हा गुण आरवण्यापेक्षा अधिक नवलाचा वाटतो.) घरची कोंबडी खुडूक बसणारी गावठी असेल आणि पिल्ले हवी असतील, तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा जरूर ठेवावा. दोन ठेवले तर झुंजी लागतात.

मात्र पिल्लांचा बेत करताना एक हिशेब बहुतेक जण विसरतात. निघालेल्या पिल्लांपैकी सुमारे निम्मे नर असतात. दहा पिल्ले झाली तर चार-पाच महिन्यांत अंगणात पाच कोंबडे आरवू लागतील. त्यांचे काय करायचे, हे अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच घरात बोलून घ्यावे.

कोंबडा दूर केल्यावर अंडी कमी होतील, अशी शंका घरच्यांना असेल तर वाद घालू नका, मोजा. कोंबडा असताना तीन आठवडे आणि नसताना तीन आठवडे रोजची अंडी वहीत मांडा. खाद्य तेच ठेवा, आणि पिसे झडण्याचा काळ टाळा, कारण तेव्हा अंडी तशीही कमी होतात. कोंबडीच्या शरीरात शुक्रबीजे काही दिवस टिकतात, त्यामुळे कोंबडा गेल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा फलित अंडी मिळतील. त्याचा अंड्यांच्या संख्येशी संबंध नाही.