‘फ्री हाउस’ म्हणजे फुकटची बिअर नव्हे! ब्रिटनमधल्या पबचा खरा मालक कोण?

ब्रिटनमध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पबच्या दारावरची ‘फ्री हाउस’ ही पाटी हमखास चकवते. आत फुकट काहीच मिळत नाही. पाटीचा अर्थ इतकाच, की हा पब चालवणारा आपली बिअर हव्या त्या कंपनीकडून विकत घेऊ शकतो. एका दुकानदाराला एवढी साधी गोष्ट दारावर लिहून सांगावी लागते, यातच तिथल्या धंद्याची मेख आहे. कारण हजारो पबचालकांना ही मुभाच नाही.

२००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये साधारण ६० हजार पब होते. आता ते ४५ हजारांच्या आसपास आहेत. सुपरमार्केटमधली स्वस्त दारू, धूम्रपानबंदी, कर, विजेची बिलं अशी कारणं नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण पब बुडाला की पैसे कोणाचे जातात आणि मोक्याची इमारत कोणाच्या हातात उरते, हे मालकीच्या प्रकारावर ठरतं. त्यावर मात्र कमी बोललं जातं.

पेट्रोल पंपासारखी रचना

आपल्याकडे पेट्रोल पंपांच्या धंद्यात ‘कोको’, ‘कोडो’ आणि ‘डोडो’ असे प्रकार आहेत. कंपनीची जागा आणि कंपनीच चालवणार. कंपनीची जागा, पण डीलर चालवणार. जागाही डीलरची आणि चालवणाराही तोच. पबचंही जवळपास तसंच आहे.

पहिल्या प्रकारात मॅनेजर हा पगारी नोकर असतो. टिम मार्टिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली वेदरस्पून ही साखळी याचं ठळक उदाहरण. तोटा झाला तर कंपनीचा. तिसरा प्रकार म्हणजे अस्सल फ्री हाउस. खरी गुंतागुंत मधल्या प्रकारात आहे. इमारत कंपनीची, धंदा भाडेकरूचा. त्यातही ‘टेनन्सी’ म्हणजे बहुधा काही वर्षांचाच करार, इमारतीची मोठी दुरुस्ती मालकाकडे. ‘लीज’ म्हणजे लांब मुदतीचा करार. तो दुसऱ्याला विकता येतो, पण छप्पर गळलं तर खर्च सहसा भाडेकरूचा.

बिअर टाय : भाडं दोनदा

या मधल्या प्रकारात बहुतेक वेळा ‘बिअर टाय’ असतो. म्हणजे भाडेकरूने बिअर मालक कंपनीकडूनच, तिने ठरवलेल्या दराने घ्यायची. बदल्यात इमारतीचं भाडं बाजारापेक्षा कमी. धंद्यातली मंडळी याला ‘ड्राय रेंट’ आणि ‘वेट रेंट’ म्हणतात. एक भाडं जागेचं, दुसरं पिंपातून वसूल होणारं.

हिशेब करून पाहा. समजा, एका पिंपामागे बाजारभावापेक्षा ५० पौंड जादा मोजावे लागतात आणि आठवड्याला १५ पिंपं खपतात. वर्षाला ३९ हजार पौंड झाले. जागेच्या भाड्यात त्याहून जास्त सूट मिळत असेल तर सौदा चांगला. नसेल तर भाडेकरू मालकासाठी राबतोय. अनेक पबच्या तळघरात बिअरच्या नळ्यांवर प्रवाह मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. बाहेरून आणलेलं पिंप गुपचूप जोडलं, तर नळातून गेलेली बिअर आणि कंपनीकडून घेतलेली बिअर यांचा ताळा जुळत नाही. यंत्र साधंच आहे. पण आपल्याच दुकानात मालकाचा मीटर चालू ठेवून धंदा करणं काय असतं, ते त्यातून कळतं.

टायची दुसरी बाजूही आहे. हातात मोठं भांडवल नसलेल्या जोडप्याला यातून पब चालवायला मिळतो. एखाद्या छोट्या स्थानिक ब्रुअरीचे वीस-तीस पब असतील, तर टाय हाच तिचा आधार असतो. त्यामुळे टाय सरसकट मोडीत काढा, ही मागणी पटत नाही. आक्षेप आहे तो त्याच्या आकाराला.

औषधच अंगाशी आलं

१९८९ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने नेमकं यावरच बोट ठेवलं. बास, व्हिटब्रेड, करेज अशा सहा ब्रुअरी देशातली तीन चतुर्थांश बिअर बनवत होत्या. मग ‘बिअर ऑर्डर्स’ आल्या. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअरीने वरच्या पबपैकी निम्मे १९९२ पर्यंत एकतर विकायचे किंवा टायमधून मोकळे करायचे.

कंपन्यांनी पब विकले. पण बंधन ब्रुअरींवर होतं. बिअर न बनवणाऱ्या कंपनीने कितीही पब घेतले तरी चालत होतं. ही फट केवढी मोठी होती, ते लवकरच दिसलं. एंटरप्राइझ इन्स आणि पंच टॅव्हर्न्स या ‘पबको’ कर्ज काढून पब घेत सुटल्या. ब्रुअरीकडून घाऊक सवलतीत बिअर घ्यायची आणि भाडेकरूला चढ्या दराने द्यायची, हा त्यांचा धंदा. कर्जाचे हप्ते भाडेकरूच्या पिंपातून निघत होते. निदान ब्रुअरीला आपली बिअर खपवायची असते. पबकोचं लक्ष मुख्यतः जागेवर.

पुढे एंटरप्राइझ २०२० मध्ये स्टोनगेटने घेतली. पंचचे पब हाइनेकेन आणि एका गुंतवणूक कंपनीने वाटून घेतले. सफोकमध्ये १७९९ पासून बिअर बनवणारी ग्रीन किंग २०१९ मध्ये हाँगकाँगच्या सीके अॅसेटकडे गेली. दारावरच्या पाट्या मात्र जुन्याच राहिल्या.

मग कायद्याने काय केलं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१६ पासून ‘पब्स कोड’ लागू आहे. ५०० किंवा अधिक टाय असलेले पब ज्यांच्याकडे आहेत, अशाच कंपन्यांना तो लागतो. भाडं नव्याने ठरताना किंवा कराराचं नूतनीकरण होताना भाडेकरू म्हणू शकतो, की टाय नको, बाजारभावाने फक्त भाडं घ्या. कागदावर हा हक्क भक्कम दिसतो. प्रत्यक्षात तो मागणाऱ्यासमोर नव्या अटींचे कागद येतात, अशी भाडेकरूंची तक्रार आहे. २०२० मध्ये तर हाइनेकेनच्या स्टार पब्सला लवादाने २० लाख पौंडांचा दंड केला. टायमधून बाहेर पडू पाहणाऱ्यांवरही आपलीच बिअर अवाजवी प्रमाणात ठेवण्याची अट ती घालत होती. पुढच्या दारातून सोडायचं आणि मागच्या दाराने पुन्हा बांधायचं!

सरकारचा पब, गावाचा पब

एकेकाळी सरकारही पबमालक होतं. पहिल्या महायुद्धात ग्रेटनाच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार पिऊन झिंगू लागले, म्हणून १९१६ मध्ये कार्लाइल परिसरातले पब सरकारने ताब्यात घेतले. युद्ध संपलं तरी ते थेट १९७० च्या दशकात विकले गेले.

आता चर्चा गावाच्या मालकीची आहे. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मध्ये ‘ओल्ड क्राउन’ हा पब सहकारी तत्त्वावर घेतला. शेअर कितीही असोत, मत एकच. आपल्या सहकारी संस्थांसारखंच. लंडनच्या नन्हेडमधला ‘आयव्ही हाउस’ही २०१३ मध्ये रहिवाशांनी विकत घेतला. २०११ च्या कायद्यानुसार असा पब ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येतो. तो विक्रीला निघाला आणि रहिवाशांनी मुदतीत इच्छा कळवली, तर पैसे जमवायला त्यांना सहा महिने मिळतात.

पण हा हक्क बोली लावण्याचा आहे, विकत घेण्याचा नाही. सहा महिन्यांनी गावकरी पूर्ण रक्कम घेऊन आले, तरी मालक त्यांना नकार देऊन पब दुसऱ्याला विकू शकतो.