हातानं बांधलेल्या गाडीला रस्ता द्या

डिसेंबर २०२१मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची एक गाडी देशभर गाजली. मुलाची हौस पुरवायची म्हणून तिथल्या एका लोहार कारागिरानं भंगारातलं सामान जमवलं, सुमारे ६० हजार रुपये खर्चले आणि चारचाकी उभी केली. मोटारसायकलसारखी किक मारली की ती सुरू व्हायची. व्हिडिओ पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तोंडभरून कौतुक केलं. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही त्यांनी सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये बोलेरो त्या कुटुंबाच्या हाती आली.

महिंद्रांनी मोठं मन दाखवलं, त्या घरात आनंद झाला. पण एक प्रश्न तेव्हा विचारायचा राहून गेला. एखाद्या तज्ज्ञानं ती गाडी नीट तपासली असती, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि वेल्डिंगचे सांधे पाहून ‘एवढं सुधारा आणि परत आणा’ असं त्या कारागिराला लेखी कळवलं असतं, तर? आपल्याकडे असं कळवणारी खिडकीच नाही. ब्रिटनमध्ये ती आहे.

हातानं गाडी बांधण्याची तिथली परंपरा जुनी आहे. कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेला तरुण. १९४८मध्ये त्यानं ऑस्टिन सेव्हन ही जुनी, स्वस्तातली गाडी घेतली आणि मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिच्यापासून स्वतःची स्पर्धेची गाडी बनवली. १९५२मध्ये त्यानं लोटस कंपनी काढली, ती वडिलांच्या हॉटेलमागच्या तबेल्यात. १९५७मध्ये लोटस सेव्हन आली. दोन माणसांपुरती, उघडी, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. करासह तयार गाडीची किंमत १,०३६ पौंड होती आणि सुट्या भागांच्या संचाची ५३६ पौंड. तयार गाडीवर खरेदी कर लागे, घरी जोडायच्या संचावर लागत नसे. संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायला करनियमांची आडकाठी होती, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाचत गाडी जोडे, असं लोटसच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं.

कर वाचवणं हेच या गाडीचं बळ असतं, तर १९७३मध्ये ब्रिटननं खरेदी कर रद्द करून मूल्यवर्धित कर आणला तेव्हाच तिचा शेवट झाला असता. झालं उलट. त्याच वर्षी ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅम कंपनीनं सेव्हनचे हक्क लोटसकडून घेतले. आज करसवलत नसतानाही केटरहॅम ही गाडी बनवते, आणि तयार गाडी मिळत असूनही काही गिऱ्हाइकं मुद्दाम सुटे भागच मागवतात.

ती का मागवतात, हे गॅरेजमध्ये डोकावल्याशिवाय कळत नाही. घोड्यांवर ठेवलेला सांगाडा, भोवती खोकी, भिंतीवर पाने. आधी पुढचे विशबोन आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसतात. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून चेन-पुलीला टांगायचे आणि तिरके धरून अरुंद बॉनेटच्या जागेत उतरवायचे. दोन माणसं, चार हात आणि रंग खरवडू नये म्हणून अंथरलेल्या चादरी. मागचा अ‍ॅक्सल, हँडब्रेकची केबल, रेडिएटरचे होस, वायरिंग. ब्रेक ऑइल भरून एकेका चाकाची हवा काढायची. प्रत्येक बोल्ट ठरल्या ताकदीनं आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढे तो सैल झाला तर रेघ सरकलेली दिसते. हे करताना माणसाला आपल्या गाडीचा कानाकोपरा पाठ होतो. वर्षभरानं कुठून खडखड ऐकू आली, तर कोणत्या बोल्टकडे हात न्यायचा हे त्याला ठाऊक असतं.

चालवण्याचा अनुभवही निराळा. माणूस इतका खाली बसतो की हात बाहेर काढला तर रस्त्याला टेकेल. समोर पुढची चाकं वर-खाली होताना आणि वळताना डोळ्यांना दिसतात. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे डांबराचा खडबडीतपणा थेट तळहाताला कळतो. पाऊस आला की भिजायचं, सामान थोडकंच न्यायचं, लांबच्या प्रवासात कान किटायचे. मालकांना हे सारं मान्य असतं, कारण पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगातही ही गाडी जो आनंद देते, त्यासाठी जड गाडीला कितीतरी जास्त वेग लागतो.

हे गणित वजनाचं आहे. २०२१मध्ये आलेल्या ‘केटरहॅम १७०’चं वजन अवघं ४४० किलो. तिच्यात सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन आहे, ताकद ८४ अश्वशक्ती. म्हणजे टनामागे सुमारे १९० पडते. आपली मारुती ८०० सुद्धा साडेसहाशे किलोंच्या घरात होती. वजन वाढलं की थांबायला मोठे ब्रेक लागतात, ते मावायला मोठी चाकं, ती वाहायला भक्कम सांगाडा आणि हे सगळं ओढायला मोठं इंजिन. चॅपमननं ही साखळी उलट्या दिशेनं चालवली आणि एकेक किलो कमी करत गेला. लोटसनं फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांची सात विजेतेपदं मिळवली, ती याच विचाराच्या जोरावर. आज शहरात एकेकटा माणूस दीड-दोन टनांची गाडी घेऊन दूध आणायला निघतो. अशा काळात हलकेपणाचं हे शिक्षण घरच्या गॅरेजात मिळत असेल तर ते मोलाचं आहे.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, असा आक्षेप येतो. केटरहॅमपुरता तो खरा आहे. पण १९९६मध्ये ब्रिटनच्या हेन्स प्रकाशनानं रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक काढलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे त्यात दाखवलं होतं. जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि ब्रेक काढायचे, चौकोनी नळ्या कापून सांगाडा स्वतः वेल्ड करायचा. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ असं नाव पडलं आणि जगभर लोकांनी त्या बांधल्या. १९३९पासून चालत आलेल्या ब्रिटनमधल्या ७५० मोटर क्लबनं तर त्यांच्या स्वतंत्र शर्यती सुरू केल्या. चौकोनी नळी, कटर, वेल्डिंग मशीन आणि जुन्या गाडीचे भाग हे सामान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नवं नाही.

अशा गाड्या ब्रिटनच्या रस्त्यांवर मोकाट सोडलेल्या नाहीत. १९९८मध्ये तिथे एकेका गाडीच्या मंजुरीची चाचणी सुरू झाली, २००९मध्ये तिच्या जागी ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ ही अधिक कडक चाचणी आली. सरकारी निरीक्षक ब्रेक, धूर, आवाज, आरसे, दिवे, सीटबेल्टचे आधार आणि स्पीडोमीटर तपासतो. पादचाऱ्याला लागू शकेल अशी धारदार कड बाहेर चालत नाही, तिला किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. म्हणून गाडी बांधणारे नट-बोल्टांना टोप्या घालतात आणि पत्र्याच्या कडांना रबर लावतात. गाडी नापास झाली तर कारणांची यादी मिळते, दुरुस्ती करून पुन्हा यायचं. जुन्या भागांतून बांधलेल्या आणि वय ठरवता न येणाऱ्या गाडीला ‘क्यू’ अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळते, त्यामुळे विकत घेणाऱ्याचीही फसवणूक होत नाही. न्यूझीलंडनं तर आणखी एक पाऊल टाकलं. तिथे हौशी संघटनांनीच एकत्र येऊन कमी संख्येनं बनणाऱ्या वाहनांची तांत्रिक नियमावली लिहिली आणि सरकारनं ती स्वीकारली.

या मोकळिकीतून देशांना काय मिळतं? गॉर्डन मरे यांचं उदाहरण पुरेसं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरात विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलाकडे शर्यतीची गाडी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी स्वतः बांधली आणि शर्यतीत उतरवली. पुढे इंग्लंडला जाऊन तो ब्रॅबहॅम आणि मॅक्लारेन या संघांचा डिझायनर झाला आणि १९९०च्या दशकातली जगातली सर्वांत गाजलेली स्पोर्ट्स कार, मॅक्लारेन एफ-वन, त्याच्या कल्पनेतून उतरली.

आता भारताकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ क्रमांकाचा नियम उत्पादकाला उद्देशून आहे. त्यानं नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा, मग तशी हजारो वाहनं बनवायची. एकच गाडी बांधणाऱ्या माणसाचा विचार या रचनेत नाही. असलेली गाडी बदलणंही अवघड आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जिथे लोक जीपला हवी तशी चाकं लावून आणि कानठळ्या बसवणारे सायलेन्सर घालून फिरत होते, तिथे हा निकाल आवश्यकच होता. पण बेफिकीर फेरफार करणारा आणि गाडी तपासायला स्वतःहून आणणारा, या दोघांना एकाच दारातून परत पाठवणं न्याय्य नाही.

सरकारला हौसेसाठी जागा करता येते, हे याच देशात सिद्ध झालंय. जुलै २०२१मध्ये नितीन गडकरी यांच्या मंत्रालयानं ५० वर्षांहून जुन्या विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. ‘व्हीए’ अक्षरांची मालिका, २० हजार रुपये शुल्क, रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कारणांपुरताच वापर. हलक्या वाहनासाठी नवा वर्गही करता येतो. बजाजची क्यूट वाळूजच्या कारखान्यात बनते, वजन साडेचारशे किलोंच्या आसपास. ती कार नव्हती आणि रिक्षाही नव्हती, म्हणून नियमांत ‘क्वाड्रिसायकल’ हा वर्ग आला. मोठ्या कंपनीसाठी जे झालं, ते एकट्या कारागिरासाठी आणि विद्यार्थ्यासाठीही व्हायला हवं.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. २०२२मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. एअरबॅग नसलेली बुटकी गाडी ट्रकच्या नजरेत येणार नाही, ही भीती रास्त आहे. म्हणूनच सुरुवात आखडत्या हातानं व्हावी. एका माणसाला एकच गाडी. इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग मान्यताप्राप्त गाडीतलेच, त्यांची कागदपत्रं जोडलेली, म्हणजे चोरीचा मालही रोखला जाईल. पत्रा चढवण्यापूर्वी सांगाड्याची एक तपासणी आणि गाडी पूर्ण झाल्यावर दुसरी. रोल बार आणि सीटबेल्ट सक्तीचे. द्रुतगती महामार्ग बंद, व्यापारी वापर बंद, विंटेज गाड्यांसारखी वेगळी नंबरप्लेट. वेगळी पाटी असली की पोलिसाला रस्त्यात वाद घालावा लागणार नाही आणि विमा कंपनीलाही जोखीम मोजता येईल.

तपासणार कोण, हा प्रश्न महाराष्ट्राला पडू नये. नियम १२६खाली मान्यता असलेल्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, संरक्षण खात्याची व्हीआरडीई अहिल्यानगरला. तरुण हातही तयार आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी फॉर्म्युला भारत आणि बाहा स्पर्धांसाठी सांगाडे वेल्ड करतात, सस्पेन्शनची गणितं मांडतात. आयआयटी मुंबईच्या संघानं तर आपली इलेक्ट्रिक गाडी ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर नेली. स्पर्धेसाठी बांधलेल्या या गाड्या रस्त्यासाठी नसतातच. पण त्या बांधताना कमावलेलं कसब वापरून रस्त्यावर चालेल अशी गाडी करू म्हटलं, तर ती तपासायला न्यायची कुठे?

पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एआरएआयची टेकडी चांगली ठाऊक आहे. १९६६मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत महिन्यातला एक दिवस घरी बांधलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवता येईल. रांगेत एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी असतील, उद्यमनगरातला एखादा मेस्त्री असेल, निवृत्तीनंतर गॅरेजमध्ये रमलेले एखादे आजोबा असतील. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या गाड्या नापास होतील. कुणाचा ब्रेक एका बाजूला ओढेल, कुणाची कड धारदार निघेल. निरीक्षक यादी लिहून देईल, सही करील आणि पुढची तारीख सांगेल. देवराष्ट्रेसारख्या गावातला एखादा कारागीर ती यादी खिशात घालून घरी जाईल आणि त्याच रात्री बल्बच्या उजेडात पहिल्या क्रमांकापासून कामाला लागेल.