पहिला ग्राहक येईपर्यंत



रायपूरहून बिलासपूर रस्त्याने सिलतऱ्याला आलात की स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल दिसू लागतात. इथल्या पगारातून पैसे साठवून स्वतःचं छोटं वर्कशॉप काढावं, असं तुमच्या घरातही कुणी म्हणत असेल. आज त्यांच्यासाठी लोखंडात हात घालणाऱ्या दोघांची गोष्ट.

पहिला अमेरिकेचा सॅम्युअल कोल्ट. १८३६ मध्ये त्याने रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि भागधारकांच्या पैशावर पॅटरसन इथे कारखाना काढला. एकदा भरलं की लागोपाठ पाच गोळ्या सुटत. पण माल महाग आणि नाजूक, सैन्याची मोठी ऑर्डर मिळेना. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला.

पुढे सॅम्युअल वॉकर हा लढाईत ते हत्यार वापरलेला अधिकारी भेटला. त्याच्या सूचनांवरून कोल्टने सहा गोळ्यांचं, दणकट रिव्हॉल्व्हर तयार केलं. १८४७ मध्ये सरकारने १००० नग मागवले. तेव्हा कोल्टकडे कारखानाच नव्हता! त्याने एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात माल बनवून घेतला आणि मग हार्टफर्डला स्वतःचा कारखाना उभारला.

दुसरे आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधार दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

एकाचं हत्यार, दुसऱ्याचं अवजार. अडचण मात्र एकच. माल तयार आहे आणि घेणारा नाही, हाच धंद्यातला सर्वांत कठीण काळ. त्यात कोल्टचा पहिला कारखाना गेला. लक्ष्मणरावांच्या हाताशी नांगराआधीचा धंदा होता.

म्हणून घरातला मुलगा किंवा सूनबाई यंत्राच्या किमतीचा हिशेब मांडतील, तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. पहिला ग्राहक कोण? तो येईपर्यंत घर कशावर चालेल? आणि वस्तू रोज वापरणाऱ्याशी बोलणं झालंय का? यंत्र भाड्याने मिळतं, काम दुसऱ्याच्या शेडमध्येही करून घेता येतं. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र आपल्यालाच शोधावी लागतात.